राहून गेलेल्या फाइली

संगणकावर आपलं म्हणावं असं खरं तर एकच फोल्डर असतं. सी ड्राइव्ह उघडायचा, त्यात 'युझर्स', आणि त्याच्या आत आपल्या नावाचं फोल्डर. बाकीचं सगळं पुन्हा मिळतं. विंडोज बिघडली तर नवी मारता येते, ऑफिस पुन्हा टाकता येतं, प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर पडलेला असतो. आपल्या नावाच्या फोल्डरात जे असतं ते मात्र जगात दुसरीकडे कुठेही नसतं. मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीच्या भांडणाचा सगळा पत्रव्यवहार, अर्धवट राहिलेलं पुस्तक, गेलेल्या माणसाच्या आवाजातलं एखादं रेकॉर्डिंग. आणि बॅकअपची सॉफ्टवेअरं सर्वांत जास्त अडखळतात ती नेमकी हेच फोल्डर कॉपी करताना.

सांगली-मिरजेत लोकांच्या संगणकांची कामं करता करता हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही, काळजी वाटते. लाल अक्षरांतली एरर पाहून काही माणसं घाबरतात आणि बॅकअपचा नादच सोडतात. काही 'ओके' दाबतात आणि पुढे जातात. त्या एररमध्ये काय लिहिलंय ते वाचणारी माणसं फार थोडी.

मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई त्या थोड्यांपैकी. निवृत्तीनंतर त्या तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत फिरून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आज कुणालाही वाचता-ऐकता येतात. बाईंचं काम त्या मानाने एका टापूपुरतं, पण त्या बायका दुसऱ्या कुणाच्या यादीत नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी आता हयातही नाहीत. बाईंच्या संगणकावर जे आहे तेच त्यांचं उरलेलं गाणं.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार थांबवला. बाईंचा जुना डेस्कटॉप विंडोज 11 च्या अटींत बसणारा नव्हता, म्हणून मुलीने नवा लॅपटॉप घेऊन दिला. जुन्यातलं नव्यात न्यायचं, एवढंच काम. बाईंनी मी यायच्या आधीच एका पोर्टेबल डिस्कबरोबर आलेलं बॅकअप सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं होतं. सकाळी पडद्यावर वाक्य आलं: बॅकअप पूर्ण झाला, काही फाइली वगळण्यात आल्या.

"काही म्हणजे कोणत्या रे?" बाईंनी विचारलं.

बॅकअपच्या सगळ्या विद्येतला हाच खरा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरला आपण कुठे अडलो ते कळतं. तिथे काय होतं आणि ते कुणाचं होतं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ते फक्त मालकाला कळतं, आणि तेही मालकाने लॉग उघडला तर. लॉग म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. बाईंनी चष्मा पुसला आणि दहावीचे पेपर तपासायला बसाव्यात तशा त्या माझ्याशेजारी बसल्या.

लॉगमध्ये सुरुवातीलाच 'अ‍ॅक्सेस डिनाइड'ची रांग होती. माय डॉक्युमेंट्स, अ‍ॅप्लिकेशन डेटा, लोकल सेटिंग्ज. नावं वाचून बाईंचा चेहरा उतरला, कारण 'माय डॉक्युमेंट्स' मिळालं नाही म्हणजे सगळंच गेलं, असं कुणालाही वाटेल. पण ही फोल्डरं मुळात फोल्डरं नाहीतच. विंडोज एक्सपीच्या काळात माणसांच्या फाइली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये राहायच्या. व्हिस्टा आली आणि हे सगळं बिऱ्हाड 'युझर्स'मध्ये हललं. जुने प्रोग्राम जुन्याच ठिकाणी शोधत येणार, म्हणून मायक्रोसॉफ्टने जुन्या नावांच्या जागी जंक्शन ठेवली: घर बदललेल्या माणसाने जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावावी तशी. आत सामान काही नाही. वर त्या दारांना मुद्दाम कुलूप घातलंय, म्हणजे आतली यादी कुणाला पाहता येऊ नये.

ते कुलूप का, हे समजायला एक जंक्शन पुरेसं आहे. 'अ‍ॅपडेटा'च्या 'लोकल' फोल्डरात 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' नावाचं एक जंक्शन असतं, आणि ते बोट दाखवतं पुन्हा त्याच 'लोकल'कडे. परवानग्या बदलून ते कुलूप काढलं, तर भोळं सॉफ्टवेअर आत शिरतं, तिथे त्याला पुन्हा तेच 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' दिसतं, त्यात पुन्हा तेच. पत्ता लांबत जातो आणि डिस्क फुगत जाते. म्हणून 'अ‍ॅक्सेस डिनाइड' दिसला की सगळ्या फोल्डरांची मालकी स्वतःकडे घ्यायची, हा जो सर्रास सल्ला मिळतो, तो मला धोक्याचा वाटतो. आधी पाहावं, दार खरं आहे की पाटी. चांगल्या सॉफ्टवेअरला जंक्शन वगळायला सांगता येतं. विंडोजबरोबरच येणाऱ्या रोबोकॉपीत त्यासाठी 'एक्सजे' हा पर्याय आहे.

पुढची ओळ होती 'एनटीयूझर डॉट डॅट'ची: फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात आहे. ही प्रत्येक खात्याची स्वतःची रजिस्ट्री. आपण लॉगिन आहोत तोवर विंडोज ती उघडून धरून बसते आणि साध्या कॉपीला हात लावू देत नाही. त्या बाबतीत सॉफ्टवेअर काही चुकत नाही. यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सेवा एक्सपीच्या काळापासून आहे. ती सगळ्या ड्राइव्हचं एका क्षणाचं चित्र धरते आणि बॅकअप त्या स्थिर चित्रावरून होतो. उघड्या फाइलींची खरी अडचण येते ती आउटलुकच्या पीएसटी फाइलीची. एखाद्या दुकानाचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलीत असतो, आउटलुक दिवसभर उघडं असतं, आणि रोजचा बॅकअप रोज तीच एक फाइल वगळत असतो. बाईंकडे आउटलुक नव्हतं. नव्या लॅपटॉपवर एनटीयूझरही नवी होणार होती. ती ओळ आम्ही खोडली.

विंडोजचं स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर, म्हणजे विंडोज 7 पासून आलेलं आणि 10 मध्येही ठेवलेलं, बाईंनी त्याआधी करून पाहिलं होतं. ते मात्र सुरू होऊन थांबलंच होतं. क्रमांक 80070002, म्हणजे सांगितलेली फाइल सापडत नाही. कोणती फाइल, ते तो क्रमांक सांगत नाही. या क्रमांकाशी माझी जुनी ओळख आहे. रजिस्ट्रीत 'प्रोफाइललिस्ट' नावाची जागा असते, तिथे संगणकावरच्या प्रत्येक खात्याची नोंद आणि त्याच्या फोल्डरचा पत्ता असतो. कुणी ते फोल्डर थेट डिलीट करून टाकलं, तर नोंद तशीच राहते. बॅकअप यादी घेऊन निघतो, त्या पत्त्यावर जातो, तिथे काही नसतं, आणि सगळं काम तिथेच थांबतं.

बाईंच्या प्रोफाइललिस्टमध्ये सरांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, नाव होतं. सर जाऊन बरीच वर्षं झाली. जागा कमी पडायला लागली तेव्हा त्यांचं फोल्डर कुणीतरी काढून टाकलं होतं, नोंद मात्र कुणी काढली नव्हती. मी बाईंना नाव दाखवलं आणि काय करावं लागेल ते सांगितलं. त्या थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"त्यांचे कागद आहेत ना?"

डी ड्राइव्हवर सरांचं फोल्डर होतं. मी एकेक उघडून दाखवलं. भूगोलाची टिपणं, संस्थेचे हिशेब, शिखरजीच्या यात्रेचे फोटो.

"मग काढ," त्या म्हणाल्या.

मी आधी त्या नोंदीची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवली आणि मग ती काढली. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी प्रत घ्यायचीच, तिथे मी कुणालाही सूट देत नाही. बॅकअप पुढे सरकला.

पण बाईंचा प्रश्न अजून तसाच होता, कारण डिस्कबरोबरच्या सॉफ्टवेअरच्या लॉगच्या शेवटच्या भागात ओव्या होत्या. बाई रेकॉर्डिंगला क्रमांक देत नाहीत. ओवीची सबंध पहिली ओळ, गाणारीचं नाव, तिचं माहेर, सासर, असं सगळं मिळून त्यांच्या फाइलीचं नाव होतं. फोल्डरं तालुक्याची, त्यात गावाची, त्यात विषयाची, त्यात बाईची. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रामांना पूर्ण पत्ता 260 खुणांच्या आत लागतो, आणि आपल्या लिपीत हे 260 फार लवकर संपतात. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर. संगणकाच्या हिशेबात स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशा सहा खुणा. एनटीएफएस ही डिस्कची मांडणी 32 हजारांहून जास्त खुणांचा पत्ता पेलते, विंडोज 10 मध्ये 2016 पासून ही जुनी मर्यादा उठवण्याची सोयही आहे. पण बॅकअप लिहिणाऱ्या कंपनीने ती वापरली नसेल तर त्या सोयीचा उपयोग शून्य.

त्याहून वाईट होत्या त्या ओळी, जिथे फाइलीच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. डझनभर प्रश्नचिन्हं, मग एमपी3. इंग्रजी, रशियन, ग्रीक अशा लिप्यांसाठी विंडोजमध्ये युनिकोडच्या आधीची 8 बिटी कोष्टकं होती. देवनागरीला तसं कोष्टक कधी मिळालंच नाही, ती विंडोज 2000 मध्ये थेट युनिकोडमधून आली. जुन्या पद्धतीने लिहिलेलं सॉफ्टवेअर देवनागरी नाव वाचायला जातं, त्याच्या कोष्टकात ते अक्षर नसतं, ते त्या जागी प्रश्नचिन्ह टाकतं. आणि विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे ते सॉफ्टवेअर अशी फाइल मागत होतं जी असूच शकत नाही, आणि मग नाही मिळाली म्हणून वगळून पुढे जात होतं. इंग्रजी नावाच्या सगळ्या फाइली, म्हणजे लाइट बिलं, आधारच्या प्रती, कुणीकुणी पाठवलेले सुप्रभातचे संदेश, सगळं नीट उतरलं होतं. राहिल्या होत्या त्या ओव्या.

याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. कोट्यवधी माणसं ज्या लिपीत लिहितात तिच्यात नाव दिलेली फाइल उचलता येत नसेल, तर त्या सॉफ्टवेअरने तसं खोक्यावर छापावं. 'काही फाइली' म्हणू नये.

मी ते बाजूला ठेवलं आणि रोबोकॉपी लावली. ती लांब पत्तेही पेलते आणि देवनागरीही. फक्त तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. काही न सांगता सोडली तर अडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी ती 10 लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी 30 सेकंद थांबते. एका कुलूपबंद फाइलीपाशी ती 347 दिवस उभी राहील. प्रयत्न एक, थांबणं एक सेकंद, असं सांगायचं. दुसरं, 'मिरर'चा पर्याय विचार केल्याशिवाय वापरायचा नाही, कारण मूळ जागी जे नाही ते तो प्रतीच्या जागेवरूनही पुसून टाकतो.

उरलेल्या अडचणी पटापट सुटल्या. एका बाईंनी दळता दळता गायलेल्या ओव्यांचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नव्हता. पेनड्राइव्ह फॅट32 होता, आणि त्यात 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही असो. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला. डेस्कटॉपवरच्या काही फोटोंवर ढगाची खूण होती. म्हणजे फोटो वनड्राइव्हवर, संगणकावर फक्त नाव. ते खातं मध्येच साइन आउट झालेलं, त्यामुळे कॉपीला हाती काही लागत नव्हतं. पुन्हा साइन इन केलं, 'नेहमी या संगणकावर ठेवा' असं सांगितलं, उतरू दिलं. आपलं डॉक्युमेंट्स फोल्डर नेमकं कुठे आहे, हे हल्ली प्रत्येकाने एकदा पाहून ठेवावं. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या एका अपडेटने, ज्यांनी हे फोल्डर दुसरीकडे वळवलं होतं अशा काही जणांच्या जुन्या जागेवरच्या फाइली पुसून टाकल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं.

संध्याकाळी लॉगच्या तळाशी 'फेल्ड'च्या रकान्यात शून्य आलं. मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि नव्या लॅपटॉपवर, न विचारता, एक जुनं टिपण उघडलं. जतकडच्या एका आजींवरचं, बाईंनी खूप आधी टाइप केलेलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्केवारीच्या खुणा यांचा गोंधळ उमटला.

फाइल पूर्ण होती, बाइटन् बाइट जशीच्या तशी. पण ती युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फाँटमध्ये टाइप केलेली होती. त्या फाँटात 'क'ची आकृती इंग्रजी अक्षरांच्या खुणांवर बसवलेली असते, फाँट नसला की खालची इंग्रजी खूण उघडी पडते. आणि फाँट राहतो 'विंडोज'च्या 'फाँट्स' फोल्डरात, युझरच्या फोल्डराबाहेर. आम्ही बाईंचं सगळं फोल्डर नेलं, त्यांची लिपी जुन्या संगणकावर राहिली. कुठल्याही लॉगमध्ये ही एरर येणार नाही. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत असे किती मजकूर पडून असतील याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं. युझरच्या फोल्डराबाहेर राहणाऱ्या गोष्टींत हिशेबाचं टॅलीही येतं, त्याचा डेटा पुष्कळ ठिकाणी टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. आम्ही फाँट आणले, टिपणं उघडली, आणि बाईंनी ठरवलं की रोज थोडी थोडी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची. मूळ फाइलीही ठेवायच्या.

बाईंनी ती एक फाइल उघडली नसती तर जुना डेस्कटॉप भंगारात गेल्यावर हे कळलं असतं. मोठमोठ्या ठिकाणी असंच घडलं आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या, वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप चालवणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो दर वेळी फसत होता. फसल्याचे ईमेलही तो पाठवत होता, पण त्या ईमेलवर हवी ती सही नसल्यामुळे पलीकडचा सर्व्हर ते नाकारत होता. वाचवलं ते 6 तासांपूर्वी एका चाचणीसाठी सहज घेतलेल्या प्रतीने. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

सांगलीत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही, तरी सांगतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरचा संगणक आणि त्याची बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती. कृष्णेने दोन्ही एकाच दिवशी नेली. पीटर क्रोग हा अमेरिकन फोटोग्राफर, त्याने सांगितलेला नियम त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

बाईंची तिसरी प्रत पुण्याला मुलीकडे गेली. तिच्याकडे नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी आहे, आत लिनक्स चालतं. तिथे एक नवंच कुंपण निघालं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत फाइलीचं नाव 255 बाइटांपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे आपल्याला मिळतात 85 खुणा, मात्रा-वेलांट्या धरून. बाईंच्या ओव्या त्यात मावेनात. मी नावं छोटी करू का म्हणून विचारलं.

"ओवी तोडायची नाही," बाई म्हणाल्या. "तिनं जशी गायली तशीच राहील."

मग मी प्रत्येक गावाचं फोल्डर सेव्हन-झिपने बांधलं. बाहेरच्या पेटीला फक्त गावाचं नाव दिसतं, आत नावं पूर्ण राहतात. मुलीने पुण्यात एक फोल्डर सोडलं, एक फाइल वाजवली आणि फोन स्पीकरजवळ धरला. बाईंनी आवाज ओळखला, गाव सांगितलं, मग मला चहा विचारला.

तुमच्याकडे बॅकअप घेणारं काही ना काही असेलच. आज त्याचा लॉग उघडा आणि वगळलेल्या फाइलींची नावं एकेक करून वाचा. मग तुमच्या बॅकअपमधली, तुम्हाला सर्वांत प्रिय असलेली एक फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून पाहा. मराठी नाव असलेली निवडा, आणि शक्यतो जुन्या फाँटातली.